पुस्तकातल्या गावाची सहल

मंडळी, शाळेची सहल निघाली की गावात चार दिवस तीच गोष्ट चालते. कुणी म्हणतो, मुलांना किल्ला दाखवा. कुणी म्हणतो, धरण दाखवा. कुणी म्हणतो, पंढरपूरला न्या, म्हणजे देवदर्शनही होईल. यात चूक काहीच नाही. पण एखादे गुरुजी सांगतात, "यंदा आम्ही मुलांना एका लेखकाच्या गावाला नेणार आहोत." मग पालक विचारात पडतात. "त्या गावात पाहायला आहे तरी काय? घरं आपल्यासारखीच, माळ आपल्यासारखाच. मग एवढा खर्च कशाला?"

प्रश्न रास्त आहे. सहलीचे पैसे पालकांच्या खिशातून जातात. ज्याच्या घरी मजुरीवर चूल पेटते, त्याला ते पैसे जड होतात. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे. या धड्यात आम्ही तेच देणार आहोत.

पुस्तक उगवते कुठे?

पुस्तक छापखान्यात छापतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ते उगवते कुठे? जोंधळा बाजारात मिळतो, पण उगवतो शेतात. पुस्तकाचेही तसेच आहे. लेखकाने काही पाहिलेले असते, काही ऐकलेले असते, काही सोसलेले असते. त्यातून पुस्तक उगवते.

पुष्कळ वर्षे आपल्याकडे गोष्टीच्या पुस्तकांत शहरातली शिकलेली माणसे जास्त दिसत. खेड्यातला माणूस आलाच, तर नोकर म्हणून नाहीतर हसण्यापुरता. मग असे लेखक पुढे आले, की त्यांनी आपल्याच मुलखातली माणसे लिहिली. धनगर, रामोशी, माळी, खोत, कुणबी, गावचा मास्तर. बोलीही त्यांचीच ठेवली. अशा लिखाणाला प्रादेशिक साहित्य म्हणतात. प्रदेश म्हणजे मुलूख. मुलखाचे लिखाण ते प्रादेशिक लिखाण. कोकणचे श्री. ना. पेंडसे, माणदेशचे व्यंकटेश माडगूळकर, वाळवे तालुक्यातले अण्णाभाऊ साठे, खानदेशच्या बहिणाबाई चौधरी ही त्यांतली मोठी नावे.

या लिखाणात मुलूख हा नुसता देखावा नसतो. गोष्टीत जे घडते, ते त्या मातीमुळे आणि त्या पावसामुळे घडते. म्हणून ते लिखाण नीट समजायचे असेल, तर तो मुलूख एकदा डोळ्यांनी पाहावा. सहल काढायची ती यासाठी.

माणदेशचे उदाहरण

आता एक उदाहरण घेऊ. सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या कडेला माणदेश नावाचा मुलूख आहे. माण ही तिथली नदी. ती सातारा जिल्ह्यात उगम पावते आणि आटपाडी, सांगोले, मंगळवेढे या बाजूने जाऊन भीमेला मिळते. नदी म्हणायची, पण वर्षातले बरेच महिने पात्रात वाळूच जास्त.

असे का? पावसाचे ढग समुद्रावरून येतात. वाटेत सह्याद्री आडवा उभा. ढग त्याला चढतात आणि तिथेच रिते होतात. पलीकडे उतरेपर्यंत त्यांच्यात फारसे पाणी उरत नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. माणदेशात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या मापात सांगायचे, तर महाबळेश्वरच्या दारात दहा घागरी पडतात तेव्हा माणदेशाच्या पदरात एक पडते. तीही वेळेवर पडेल याचा भरवसा नाही.

अशा मुलखात मोठी शेती कशी होणार? बाजरी, मटकी, थोडी ज्वारी. बाकी भिस्त मेंढरांवर आणि खिल्लार जनावरांवर. पाऊस हटला की माणसे मेंढरे घेऊन दुसऱ्या मुलखात जातात. त्याला तिकडे 'जगायला जाणं' म्हणतात. किती खरा शब्द आहे पाहा!

याच मुलखात, आटपाडी तालुक्यातल्या माडगुळे गावी, १९२७ साली व्यंकटेश माडगूळकर जन्मले. त्यांनी 'माणदेशी माणसं' हे पुस्तक लिहिले. ते १९४९ साली निघाले. त्यात कुणी रामोशी आहे, कुणी माळी आहे, कुणी मैलकुली आहे. मैलकुली म्हणजे सडकेच्या ठरलेल्या तुकड्याची डागडुजी करणारा मजूर. अशा माणसाला पुस्तकात मानाने बसवणे, ही त्या वेळी नवी गोष्ट होती.

पुढे १९५५ साली त्यांची 'बनगरवाडी' ही कादंबरी आली. माडगूळकर स्वतः कोवळ्या वयात त्या भागात मास्तर होते. कादंबरीतही एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. वाडीत शाळा आहे, पण शाळेत पोरे नाहीत. पोरे मेंढरांमागे रानात. हळूहळू मास्तर वाडीचा होतो. माणसे त्याच्याकडे कागद वाचून घ्यायला येतात, तंटे सांगायला येतात. सगळे मिळून एक तालीम बांधतात. मग पाऊस दगा देतो. मेंढरे मरतात. माणसे एकेक करून जगायला निघून जातात. शेवटी वाडी ओस पडते. शाळा कुणासाठी ठेवायची? मास्तरही निघतो.

ही गोष्ट वर्गात वाचली की मुले विचारतात, "गुरुजी, माणसं अशी घरदार सोडून जातात व्हय?" आम्ही खूप समजावून सांगत असू. पण सांगून कळायचे ते थोडेच. त्या माळावर मुलांना उन्हाच्या वेळी तासभर उभे केले, की न सांगता कळते. नजर पोचेल तिथवर कुसळ आणि खडक. सावलीला एखादी बाभळ. मग मुले आपल्याच तोंडाने म्हणतात, "इथं पाऊस न्हाई पडला, तर माणूस राहील कशाला?" पुस्तकाचा शेवट त्यांना तिथे कळतो.

तिकडची माणसे लेंगरेवाडीकडे बोट दाखवून सांगतात, की कादंबरीतली बनगरवाडी ती हीच. जवळच माडगुळे गावात 'बामणाचा पत्रा' म्हणून जागा आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे थोरले भाऊ ग. दि. माडगूळकर तिथे बसून लिहीत. 'गीतरामायण' लिहिणारे ते हेच. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मोकळी वसाहत आहे. तिला भिंत नाही. औंध संस्थानच्या राजाने ती १९३९ साली सुरू केली. कैद्यांनी शेती करावी, माणसात यावे, हा हेतू. त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट निघाला. एका लहानशा भागात एवढे सारे पाहायला मिळते. मग पाहायला काही नाही, असे कसे म्हणायचे?

आणखी एक मोठी गोष्ट मुलांना दिसते. पुस्तकातला माळ आणि आजचा माळ सारखा नाही. कराड तालुक्यात टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलतात. टप्प्याटप्प्याने वर चढवत ते आटपाडीकडे आणले आहे. आता त्या भागात डाळिंबाच्या बागा दिसतात. म्हणजे दुष्काळ हे काही कपाळावर लिहिलेले नसते. माणसे झटली तर मुलूख पालटतो. पुस्तक आणि मुलूख शेजारी ठेवून पाहिले, तरच हे मुलाच्या ध्यानात येते.

सहल कशी करावी?

नुसते एसटीत बसून गेले आणि पाटीजवळ फोटो काढून आले, तर ती सहल नव्हे. पैसे फुकट गेले. सहलीची तीन कामे असतात.

पहिले काम जाण्यापूर्वीचे. पुस्तक आधी वाचावे. सगळे नाही झाले, तर दोन-चार प्रकरणे वर्गात मोठ्याने वाचावीत. न वाचता गेलेल्या मुलाला माळ म्हणजे माळच दिसेल.

दुसरे काम तिथे गेल्यावरचे. प्रत्येक मुलाजवळ वही हवी. पाहिलेले लिहायचे, ऐकलेले लिहायचे. विशेष म्हणजे शब्द गोळा करायचे. धनगर रात्री मेंढरांभोवती जाळे लावतो, त्याला वाघूर म्हणतात. लोकरीच्या जाड बसकराला जेन म्हणतात. शेतात 'मेंढरं बसवणं' म्हणजे खतासाठी कळप रात्रभर शेतात ठेवणे. शेतकरी त्याबद्दल धनगराला धान्य देतो किंवा पैसे देतो. हे शब्द मुलांना तिथली माणसेच शिकवतात. त्या दिवशी तीच माणसे गुरुजी.

एका सहलीत आमच्या एका मुलाने म्हाताऱ्या धनगराला विचारले, "आजोबा, एवढी मेंढरं रोज मोजता कशी?" म्हातारा म्हणाला, "मोजायची कशाला? तोंडं वळखतो की." मग हसून त्यानेच विचारले, "तुमचं गुरुजी तुमास्नी मोजत्यात, का वळखत्यात?" मुले हसली. आम्हीही हसलो, पण तो प्रश्न आम्हाला पुढे बरीच वर्षे उपयोगी पडला. हजेरी घेताना आम्ही मान वर करून प्रत्येकाचे तोंड पाहू लागलो.

तिसरे काम परत आल्यावरचे. मुलांनी आपल्या शब्दांत दोन पाने लिहावीत आणि घरी आईबापांना वाचून दाखवावीत. तुमच्या घरी असे मूल असेल, तर हातातले काम ठेवून ते ऐका.

जिने पाटी धरली नाही, ती बाई

आता खानदेशात जाऊ. जळगावजवळ आसोदे गाव आहे. १८८० साली तिथे बहिणाबाई जन्मल्या. लहानपणीच लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या. पुढे नवरा वारला. पोरे लहान. शेत आणि घर त्यांनीच ओढले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण जात्यावर, चुलीपुढे, शेतात काम करताना त्या आपल्या बोलीत गाणी रचीत. सुगरणीचा खोपा, संसार, शेत, माणसाचे मन, आखाजीचा सण असे त्यांचे विषय.

ती गाणी वाऱ्यावरच जायची. पण त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि घरातल्या मंडळींनी ती ऐकून उतरवून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह गाण्यांचे पुस्तक निघाले आणि सारा महाराष्ट्र थक्क झाला. आज जळगावात त्यांचे घर जपून ठेवले आहे. मुले तिथे सहलीला जातात. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. ज्या बाईने पाटी कधी हातात धरली नाही, तिच्या नावाचे विद्यापीठ!

ते घर पाहताना मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. त्या घरात कुणी लिहून घेणारे होते, म्हणून ती गाणी राहिली. आमच्या-तुमच्या घरच्या किती आज्यांनी ओव्या रचल्या असतील. त्या कुठे गेल्या? त्यांच्याबरोबरच गेल्या.

सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचेही असेच. अण्णाभाऊ साठे तिथे १९२० साली जन्मले. शाळा त्यांना जवळजवळ मिळालीच नाही. घरची माणसे पोटासाठी चालत मुंबईला गेली. तिथे अण्णाभाऊंनी कोळसे वेचले, गिरणीत काम केले. अक्षरे त्यांनी स्वतःच्या खटपटीने शिकून घेतली. पुढे त्यांनी 'फकिरा' लिहिली. ती १९५९ साली निघाली. इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा केला होता. त्याने काही जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवले. माणसांना हजेरी द्यावी लागे. देश स्वतंत्र झाल्यावर, १९५२ साली, तो कायदा गेला. त्या जाचाखाली मान ताठ ठेवणाऱ्या माणसांची ही गोष्ट आहे. वाटेगावात उभे राहून ती वाचली, की मुलांना कळते, हे सारे दूर कुठे नाही, इथेच घडले.

कोकणात दापोली तालुक्यात पालगड आहे. साने गुरुजी तिथे १८९९ साली जन्मले. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. लेखक तुरुंगात, पण पुस्तकात सारे पालगड. म्हणजे गाव माणसाच्या किती आत जाऊन बसते ते पाहा.

पुस्तक म्हणजे पंचनामा नव्हे

इथे एक इशारा द्यायला हवा. लेखक खऱ्या माणसांवरून लिहितो, पण जसेच्या तसे लिहीत नाही. दोन माणसांचे एक करतो. नाव बदलतो. झालेले थोडे, मनातले थोडे. पुस्तक म्हणजे तलाठ्याचा पंचनामा नव्हे.

म्हणून अशा गावी गेल्यावर जपून बोलावे. समजा, पुस्तकात कुणी चोरी केली आहे. सहलीतले पोर गावातल्या माणसाला विचारते, "तो चोर तुमचा आजा काय हो?" त्या माणसाला काय वाटेल? त्याने पुस्तक लिहिलेले नाही. "मला पुस्तकात घाला," असे त्याच्या आज्यानेही सांगितलेले नव्हते. गावची माणसे म्हणजे प्रदर्शनातल्या वस्तू नव्हेत. न विचारता घरात शिरू नये. न विचारता फोटो काढू नये. गरिबी पाहून हसू नये, आणि हळहळूही नये. "राम राम" म्हणावे, बसावे, ऐकावे. पाणी मागितले, तर कमी पाण्याच्या मुलखात जपून प्यावे आणि तांब्या उलटा करून ओतू नये.

पालकांनी काय करावे?

सहलीपूर्वी शाळेतून संमतीपत्र येते. आजवर तुमच्यापैकी पुष्कळांनी त्यावर अंगठा उठवला असेल. आता तसे करू नका. आता तुम्हाला वाचता येते. ते पत्र स्वतः वाचा. कुठे जाणार, केव्हा निघणार, केव्हा परतणार, पैसे किती, बरोबर शिक्षक किती, मुलींबरोबर बाई आहेत का, हे पाहा. काही राहिले असेल तर गुरुजींना विचारा. विचारणे हा तुमचा हक्क आहे. मग खाली सही करा.

खर्चाचेही बोला. शाळांच्या सहलींना एसटी भाड्यात सवलत देते. ती घेतली आहे का, हे विचारावे. एखाद्या गरिबाचे पोर पैशावाचून मागे राहत असेल, तर दहा घरांनी थोडे थोडे घालावे. लांब जाणे जमत नसेल, तर जवळच्या तालुक्यातला लेखक शोधावा.

आणि मुलींना पाठवा. "पोरगा जाऊ दे, पोरगी नको," असे आम्ही फार वेळा ऐकले आहे. काळजी आम्हाला समजते. म्हणून तर बरोबर बाई आहेत का, ते विचारा म्हणतो. पण बरोबर बाई असूनही पोरीला घरी ठेवू नका. बहिणाबाईंचे घर पाहायला फक्त मुलगे गेले, तर ते काही बरे दिसणार नाही.

आपल्या गावाचे काय?

तुम्ही म्हणाल, "आमच्या गावात काही लेखक झाला नाही." माडगुळ्यालाही एके काळी असेच वाटत असेल. गावात माणसे आहेत ना? दुष्काळ पाहिलेली म्हातारी आहे ना? विहीर खणताना काय झाले, धरणात गाव जाताना काय झाले, पहिली एसटी आली तेव्हा कोण नाचले, हे सांगणारा कुणी आहे ना? मग पुस्तकाचे बी आहे. फक्त लिहून ठेवणारा हात हवा.

तो हात आता तुमचा आहे. रोज रात्री वहीत दोन ओळी लिहा. आजीची एक ओवी लिहा. आपल्या शिवारातल्या रानांची नावे लिहा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. शुद्धलेखनाला भिऊ नका. आपल्या बोलीत लिहा. ओवी सांगणारी म्हातारी आज ओट्यावर आहे. पुढच्या साली असेलच असे नाही. म्हणून आजच तिच्याजवळ जाऊन बसा.

वाचून झाल्यावर वर्गात बोला

१. माणदेशात पाऊस कमी का पडतो?
२. बनगरवाडी शेवटी ओस का पडली? आपल्या गावातून माणसे कुठे जगायला जातात?
३. बहिणाबाईंची गाणी कशामुळे टिकली?
४. परगावची मुले आपल्या गावी आली, तर तुम्ही त्यांना कुणाकडे न्याल? का?
५. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा एक शब्द, जो आता कुणी वापरत नाही, तो वहीत लिहा आणि त्याचा अर्थही लिहा.